एकोणिसाव्या पानावरची पट्टी

सेक्टर ३२, चंदीगड
रविवार, ११ डिसेंबर २००५

प्रिय देवयानी,

सप्रेम नमस्कार. तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट उघडायच्या आधी तू जरा थांबशील, याची मला कल्पना आहे. तुमचा नागपूरचा पत्ता स्मिताने दिला. तिच्या मिस्टरांचीही बदली तिकडेच होते आहे म्हणे. विश्वनाथराव विंग कमांडर झाल्याचंही तिच्याकडूनच कळलं. दोघांचं अभिनंदन. शिशिर आता सहावीत असेल. डोळ्यावरचा पॅच कधीच निघाला असेल ना?

इकडची हालहवाल नेहमीचीच. श्रीनिवास कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना दोनशे सहा हाडांची नावं शिकवतात आणि घरी आल्यावर स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते मला विचारतात. सौमित्र नववीत आहे. माझ्याहून उंच झाला. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. त्यात काही फरक पडलेला नाही.

आम्ही हे घर सोडतो आहोत. मालक कॅनडाहून कायमचे परत येताहेत. झिरकपूरला फ्लॅट घेतलाय, तिसरा मजला. मागे लॉन नाही, बाल्कनीतून विमानतळाकडे जाणारा रस्ता आणि त्यावर तुंबलेल्या गाड्या दिसतात. जानेवारीअखेर जायचं.

सामान आवरताना काय काय निघतंय. माझा तो लुधियानाचा नारिंगी स्वेटर आठवतो? तू त्याला ‘ट्रॅफिक पोलिसाचा’ म्हणायचीस. तो कामाच्या बाईंना दिला. आणि शनिवारची पुस्तकं निघाली, सगळी सदतीस.

तूही त्यातल्या काहींवर हात चालवलायस. सेक्टर सतराच्या प्रदर्शनात परदेशी चित्रपुस्तकं तोलून मिळायची, ती मी उचलून आणायची. इंग्रजी मजकुराच्या मापाची कागदाची पट्टी कापायची, तीवर ठळक अक्षरात मराठी लिहायचं आणि मैद्याची खळ करून इंग्रजीवर चिकटवायचं. मराठी घरांतल्या आपल्या मुलांना निदान शनिवारी संध्याकाळी मराठी वाचता यावं, एवढाच हेतू. पुढे मी चिडवाचिडवीची, दादागिरीची, दुसऱ्याचा मान राखण्याची पुस्तकं जास्त निवडायला लागले. तू एकदा म्हणाली होतीस, “सरोज, तुझ्या पुस्तकांत कुणी नुसतं मजेत का नसतं गं?”

ती पुस्तकं आता हिमानी नेणार आहे. झिरकपूरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते, मंडीची मुलगी, हौशी. तिला पट्ट्या काढून तिथे हिंदी लावायचं आहे. परवा येऊन एकेक पान बघून गेली.

त्यात बगळ्यांचं पुस्तकही आहे. एका पायावर उभं राहता न येणारं पिल्लू, त्याला ढकलून हसणारी बाकीची पिल्लं, आणि तळ्याकाठी डोळे मिटून उभे असलेले म्हातारे गुरुजी. त्याच्या एकोणिसाव्या पानावरची पट्टी पुन्हा सुटली आहे. इथल्या कोरड्या हवेत खळ टिकत नाही. ती मी अजून चिकटवलेली नाही. हे एक पुस्तक हिमानीला देण्याआधी तुला विचारावंसं वाटलं. शिशिरला ते आवडायचं. त्याच्यासाठी पाठवू का?

त्या शनिवारांच्या कितीतरी गमती आठवतात. एकदा मी मुलांना खायला बोलावलं आणि वडे तयारच नव्हते! सगळी हात धुऊन बसली होती बिचारी.

तेव्हा जे काही झालं त्याचं मला वाईट वाटतं, देवयानी. मुलं लहान होती. आपल्यातही बोलणं तुटलं. इतक्या वर्षांनी ते मनात ठेवण्यात काय अर्थ, असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते कळव.

विश्वनाथरावांना नमस्कार, शिशिरला आशीर्वाद.

तुझी,
सरोज


सेक्टर ३२, चंदीगड
रविवार, ८ जानेवारी २००६

प्रिय देवयानी,

तुझं आंतरदेशीय पत्र मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला. चार वेळा लिहायला घेतलं, चारही वेळा फाडलं.

तुझ्या ओळी इथे उतरवून काढते, म्हणजे उत्तर देताना मला त्यांना वळसा घालता येणार नाही.

‘पुस्तक पाठवू नकोस. जे काही झालं म्हणजे काय झालं? वडे तयार नव्हते हे मला माहीत आहे. शिशिरने त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं की काकू खिडकीत होत्या, मग त्यांनी खायला बोलावलं, आणि खायला काहीच नव्हतं. डिसेंबरात मी तुझ्याकडे आले ती तू हे आपणहून सांगतेस का ते बघायला. तू चहा केलास.’

फाडलेल्या पहिल्या पत्रात मी तुला विचारलं होतं, की चष्मा नसताना त्याला मी खिडकीत कशी दिसले? म्हणजे बघ, इतक्या वर्षांनंतरही माझा पहिला प्रश्न हा, की साक्षीदार पक्का आहे का. मग स्वेटर आठवला. अधू डोळ्याला चेहरा दिसत नसेल. नारिंगी रंग दिसतो.

आता क्रमाने लिहिते. डायरी समोर घेऊन बसले आहे, पण तिचा उपयोग नाही, ते का ते पुढे येईलच.

१६ नोव्हेंबर २००२, शनिवार. क्वार्टर मिळेपर्यंत तुम्ही आमच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहत होतात, त्यामुळे शिशिर सगळ्यांच्या आधी यायचा. मी वड्यांसाठी बटाट्यांचा कुकर लावला होता. मागच्या लॉनवर सौमित्र, त्याच्या वर्गातले दोघं आणि शिशिर. सौमित्रने शिशिरचा चष्मा काढला आणि मेंदीच्या कुंपणावर ठेवला. अधू डोळ्याला काम पडावं म्हणून चांगल्या डोळ्यावर पॅच, तो कातडीलाच चिकटवलेला. उरला तो अधू डोळा, तोही चष्म्याविना. तिघं ओरडत होते, “ढूँढ, ढूँढ! ठंडा… ठंडा… अबे गरम!” शिशिर दोन्ही हात पुढे करून चालत होता. एकदा कुंपणात पडला. उठला, गुडघे झटकले, पुन्हा हात पुढे केले. रडला नाही.

कुकरची दुसरी शिट्टी होऊन गेली होती. मी तिसरीची वाट बघत उभी राहिले. माझ्या त्या कुकरला दोन शिट्ट्यांमध्ये चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी पाहत होते.

मग शिशिरने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. मी लगेच हाक मारली, “चला रे, हात धुवा, खायला या!” आवाज नेहमीचा. मी काही पाहिलंच नाही असं सगळ्यांना वाटेल, असा. सौमित्रने झटकन चष्मा त्याच्या हातात कोंबला. मुलं आत येऊन टेबलाशी बसली तेव्हा बटाटे सोललेसुद्धा नव्हते. शिशिरने विचारलं, “काकू, वडे कुठे आहेत?” मी म्हटलं, “होताहेत रे, किती घाई!”

डायरीत त्या दिवशी लिहिलंय: शनिवार. नऊ मुलं आली. वडे. थंडी वाढली.

वीस वर्षं डायरी लिहिते आहे. आपण तिथे तरी खरं लिहितो अशी माझी समजूत होती.

मी का बोलले नाही, याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. पाहुण्याच्या मुलांसमोर आपल्या मुलाला कशाला ओरडायचं. मुलं आपसात मिटवतात. यातलं एकही खरं नाही. खरं कारण असं, की दोनच महिन्यांपूर्वी गणपतीत मी आपल्या सगळ्या मराठी मंडळींसमोर ‘मुलांमधली दादागिरी’ या विषयावर अर्धा तास बोलले होते. तू पहिल्या रांगेत होतीस. ‘दादागिरी करणारं मूल ती घरातूनच शिकून येतं,’ हे वाक्य मी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जरा थांबून. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिसऱ्या शिट्टीपर्यंत माझ्या डोक्यात शिशिर नव्हताच. ते वाक्य होतं.

आणखी एक. सौमित्रला शिशिरचा राग यायला मी हातभार लावला होता. ‘बघ, शिशिर आठ वर्षांचा आहे, पण किती छान मराठी बोलतो’ हे मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल! तेही शिशिरसमोर. सौमित्र मोठा होता आणि जे केलं ते त्याने केलं, त्याचं खापर मी स्वतःवर ओढून त्याला सोडवत नाही. पण काडी मी दिली.

इथवर तुला बहुतेक सगळं माहीत होतं. आता जे लिहिते ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

बगळ्यांच्या पुस्तकाच्या उरलेल्या पट्ट्या मी त्यानंतरच्या आठवड्यात लिहिल्या. पुस्तक आधीपासून घरात होतं, निम्मं झालंही होतं. एकोणिसाव्या पानावर म्हातारे गुरुजी डोळे उघडतात आणि चिखलात पडलेल्या पिल्लाजवळ येतात. मूळ इंग्रजीत ते म्हणतात, ‘मी झोपलो नव्हतो. मी सगळं पाहत होतो. माझं चुकलं, पिल्ला.’ एवढंच. तीन वाक्यं.

मी ती तीन वाक्यं मराठीत लिहिली. पट्टी कापली, मागे खळ लावली. मग वाचून पाहिलं, आणि ती पट्टी चुरगळून टाकली. दुसरी लिहिली: ‘गुरुजी म्हणाले, मुलांनो, सगळ्यांनी नेहमी मिळूनमिसळून राहावं बरं.’ मापात बसली. चिकटवली.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मोठ्या माणसाने पिल्लाची माफी मागणं आपल्याकडच्या आयांना रुचणार नाही. हे मला इतकं पटलं की श्रीनिवासनाही मी तसंच सांगितलं. ते म्हणाले, “तू म्हणतेस तर असेल.” गेल्या महिन्यात हिमानी ती पट्टी वर करून खालचं वाचत होती. मराठी तिला अर्धवटच कळतं, तरी हसून म्हणाली, “दीदी, ये आपने क्या लिखा है? ये तो इसमें कहीं है ही नहीं!” मी म्हटलं, “जगह कम थी.” पुन्हा एकदा.

म्हणजे खिडकीतली चार मिनिटं मी गोंधळून गेले होते असं एखादवेळी म्हणता येईल. ही पट्टी मी शांतपणे बसून, पट्टीपेन्सिलीने माप घेऊन लिहिली. बगळा डोळे मिटून उभा असला की आपण त्याला काय म्हणतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

२३ नोव्हेंबर. मी पुस्तक वाचून दाखवलं, मग मुलांच्या हातात दिलं. शिशिर पुस्तक नाकाला लावून वाचायचा, त्यामुळे त्याला पट्टीचा सुटलेला कोपरा दिसला. त्याने नखाने हळूच उचलला. फाडलं नव्हतं, देवयानी. एक चरासुद्धा नव्हता. तो म्हणाला, “काकू, खाली वेगळंच लिहिलंय. यात गुरुजी म्हणतायत की ते झोपले नव्हते.”

आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं, हा नुसतं वाचून दाखवतोय. आता वाटतं, तो मला विचारत होता.

मी त्याच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. म्हटलं, “पुस्तक फाडतात का? विद्या आहे ती. ठेव खाली, नमस्कार कर आणि सॉरी म्हण.” आठ मुलं गोल करून बघत होती. त्याने पुस्तक सतरंजीवर ठेवलं, चष्मा पडू नये म्हणून एका हाताने धरला, आणि वाकून कपाळ टेकवलं. सॉरी म्हणाला. कुणाला म्हणाला ते मला कळलं नाही.

पायाला पुस्तक लागलं तर नमस्कार करायला आपापल्या आईने शिकवलं, तुझ्याही आणि माझ्याही. त्या चांगल्या गोष्टीची मी शिक्षा केली.

सोमवारपासून बसस्टॉपवर काय सुरू झालं ते तुला शिशिरने सांगितलं असेलच. “चल ओए, मत्था टेक!” कचऱ्याच्या डब्याला, बसच्या टायरला, सौमित्रच्या बुटाला. शब्द त्यांनी इथला घेतला, कृती माझ्या घरातली. मला हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं. कामाच्या बाईंनी येता-जाता पाहिलं होतं. मी सौमित्रला म्हटलं, “बसस्टॉपवर मस्ती करू नकोस.” मस्ती हा शब्द वापरला.

मग तू आलीस. म्हणालीस, “बसचं नाव काढलं की उलट्या करतो गं. काही बोलत नाही. तुला काही ठाऊक आहे का?” मी चहा टाकला. आलं किसलं. आणि म्हटलं, “मुलं आहेत, होतं असं. तू त्याला जरा क्रिकेटला घाल. फार पुस्तकात असतो तो.” मी म्हटलं हे. तू कप अर्धा ठेवून उठलीस. जानेवारीत वर्ष अर्धं टाकून त्याला घेऊन आईकडे अकोल्याला गेलीस, आणि विश्वनाथराव इथे टेन्युअर संपेपर्यंत मेसमध्ये जेवले. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगायची, “शिशिरला इथली हवा मानवली नाही.”

हे सगळं मी गेल्या रविवारी सौमित्रला सांगितलं. पुस्तकं बांधत होतो आम्ही दोघं. त्याला वाटलं मी त्याला ओरडणार आहे. म्हणाला, “मम्मी, अब क्यों? इतनी पुरानी बात.” मी म्हटलं, मी खिडकीतून पाहिलं होतं, ते सांगायचं राहिलंय. तो सुतळीला गाठ मारत होता. मान वर न करता म्हणाला, “मुझे पता है. आपका स्वेटर दिख रहा था.” मग दुसरी गाठ आवळत, “आपने कुछ कहा नहीं ना, तो मुझे लगा… इतना तो चलता है.”

लॉनवरच्या चार मुलांपैकी निदान दोघांनी मला पाहिलं होतं. लपून राहिले होते ती फक्त माझ्यापासून.

आता विचारते ते नीट वाच, आणि नको असेल तर सरळ नाही म्हण. मला शिशिरला पत्र लिहायचं आहे. हलकं वाटावं म्हणून का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. थोडं तेही आहे. नाही म्हटलं तर पुन्हा पट्टी लावल्यासारखं होईल. पण तेवढ्यासाठी तुला लिहिणंही पुरलं असतं. त्या मुलाने दोनदा जे दिसलं ते दिसलं म्हणून सांगितलं. एकदा बघून, एकदा वाचून. दोन्ही वेळा मी त्याला खोटं पाडलं. आपल्याला नीट दिसत नाही, आपण वाचतो ते चुकीचं असतं, असं त्याच्या मनात कुठेतरी राहिलं असेल तर ते काढायला हवं. आणि ते काढणं तुला, विश्वनाथरावांना, डॉक्टरांना, कुणालाच जमणार नाही. ते माझ्याकडेच आहे.

तू नाही म्हणालीस तर लिहिणार नाही. पुस्तक ठेवून देईन. हिमानीला दिलेलं नाही.

आज पहाटे इथे गवतावर दव गोठलं होतं. मालकांची माणसं लॉन मोजून गेली. कुंपण काढून भिंत घालणार आहेत.

तुझी म्हणायचा हक्क तूच ठरव.

सरोज


झिरकपूर
शनिवार, ४ फेब्रुवारी २००६

प्रिय शिशिर,

मी सरोजकाकू. चंदीगडची, शनिवारच्या पुस्तकांवाली. तू आठ वर्षांचा असताना आमच्याकडे यायचास.

तुझ्या आईने परवा फोन केला. तुला लिहायची परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. एक, तुझ्याकडे काही मागायचं नाही. दोन, सुविचार लिहायचे नाहीत. दुसरी अट मला जड जाणार हे तिला बरोबर ठाऊक आहे. ती असंही म्हणाली की तू हे वाचशीलच असं नाही. नाही वाचलंस तरी चालेल. उत्तर द्यायचं नाहीच आहे.

मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

त्या दिवशी लॉनवर तुझा चष्मा घेऊन मुलं तुला फिरवत होती तेव्हा मी खिडकीत होते. तुला नारिंगी रंग दिसला होता, तो माझाच स्वेटर. मला सगळं दिसत होतं. मी ते लगेच थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. नंतर खायला बोलावलं ते कुणाला कळू नये म्हणून. वडे तयार नव्हते, हे तू बरोबर ओळखलंस.

बगळ्यांच्या पुस्तकात पट्टीच्या खाली वेगळं लिहिलेलं होतं. तूच ते बरोबर वाचलंस. तिथे बसलेल्या नऊ मुलांत एकट्याने. मराठी पट्टी मी मुद्दाम खोटी लिहिली होती, कारण खालचं वाक्य मला लागू पडत होतं. तू पुस्तक फाडलं नव्हतंस.

बसस्टॉपवर तुला जे करायला लावलं, ते त्या मुलांना माझ्या घरी बघून सुचलं. ते चालू आहे हे कळल्यावरही मी थांबवलं नाही, आणि तुझी आई विचारायला आली तेव्हा मी तिला खोटं सांगितलं.

सौमित्रने जे केलं त्याची माफी मी मागत नाही. ती त्याची आहे, त्याने मागायची तर मागेल. मी त्याला सांगितलंय की मी तुला लिहिते आहे. तो म्हणाला, “मेरी तरफ़ से मत लिखना.” आधी मला राग आला. मग वाटलं, तो म्हणतो ते ठीक आहे. मी आजवर पुष्कळांच्या वतीने बोलले.

सोबत बगळ्यांचं पुस्तक आहे. पाठवायला तुझ्या आईने हो म्हटलं. नको असेल तर तिच्याकडे दे, ती परत पाठवेल किंवा टाकून देईल. बाकीची छत्तीस पुस्तकं इथल्या शाळेतल्या हिमानीदीदींनी नेली. त्यांनी मला पट्ट्या लिहायला बोलावलं होतं. मी सांगितलं की लिहीन, पण प्रत्येक पट्टी खालच्या मजकुराशी ताडून बघायची, आणि ते काम पाचवीतल्या मुलांना द्यायचं. त्यांनी तशी चार मुलं नेमली आहेत. काल एका मुलीने माझी एक पट्टी परत केली. म्हणाली, “मैडम, इसमें ‘डर गया’ लिखा है, आपने ‘चुप हो गया’ लिखा.” तिचं बरोबर होतं. मी नवीन लिहून दिली.

तुझ्या पुस्तकातल्या सगळ्या पट्ट्या मी काढल्या, फक्त एकोणिसाव्या पानावर नवी लावली आहे. तिला खळ फक्त वरच्या कडेला लावली आहे. खालून मोकळी आहे. उचल, खालचं वाच, वरचं वाच. दोन्ही सारखं नसेल तर मला सांगायची गरज नाही, तू पेन्सिलीने दुरुस्त कर.

पट्टीवर लिहिलं आहे: ‘मी झोपलो नव्हतो. मी सगळं पाहत होतो. माझं चुकलं, पिल्ला.’

ते गुरुजींचं. माझं इथे वेगळं लिहिते, कारण दुसऱ्याच्या वाक्याआड उभं राहायची मला सवय आहे. शिशिर, मी पाहत होते. माझं चुकलं.

त्या दिवशी मी तुला पुस्तकापुढे कपाळ टेकवायला लावलं. मोठ्यांनी लहानांना लिहिलेलं पत्र आशीर्वाद देऊन संपवायचं असतं. तो द्यायला आज माझा हात उचलत नाही.

तुला माझा नमस्कार.

सरोजकाकू